माझ्या पोटावरचं अर्धं नाव

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे. स्टीलचा, गोल पोटाचा, वर घट्ट झाकण आणि झाकणावरून आडवी जाणारी जाड तारेची कडी. तुम्ही म्हणाल, डब्याला कसली आलीय जीवनकथा? सकाळी भरला, दुपारी रिकामा झाला, संध्याकाळी घासला. तुमचंही थोडंफार असंच चालतं, पण मी काही बोललो का?

माझ्या जन्माच्या दोन हकिकती आहेत. पहिली अशी, की पूर्वजन्मी मी एक मोठं जहाज होतो. सात समुद्र फिरलो, तीन देवमाशांशी माझी बोलाचाली होती, आणि म्हातारपणी मला तोडून माझे डबे केले. दुसरी अशी, की भवानी पेठेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन कारागिरांनी मला तासाभरात ठोकून तयार केलं. पहिली हकिकत जास्त चांगली आहे, म्हणून आपण तीच खरी धरू.

माझं झाकणही त्याच दिवशी जन्मलं. ते स्वतःला माझ्यापेक्षा थोर समजतं, कारण ते कायम माझ्या डोक्यावर बसलेलं असतं. त्याच्याबद्दल पुढे सांगेन. आत्ताच सांगितलं तर त्याला चढेल.

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मी फळीवर बसलो होतो, तेव्हा एक सडपातळ तरुण आला. उत्तरेश्वर त्याचं नाव. गाव लातूरकडे, औसा तालुक्यात. नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथे तो धातूच्या नळकांड्यांवर नंबर ठोकायचा. लग्न होऊन चार महिने झाले होते, पण क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून बायको गावी आणि हा खाणावळीत. बायकोसाठी काहीतरी घ्यावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने मला उचललं.

भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं, ही आपली रीत. दुकानात नाव घालायचं यंत्र होतं, पण नाव घालणारा त्या दिवशी लग्नाला गेला होता.

"मला द्या यंत्र," उत्तरेश्वर म्हणाला. "माझं कामच आहे ते."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. एकला दहा कमी होते. "एकपर्यंत काय ते करा," ते म्हणाले.

उत्तरेश्वरने सुई टेकवली. टर्रर्र! मित्रांनो, गुदगुल्या म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ठिपक्या-ठिपक्यांनी त्याने 'सौ. द्वारका' लिहिलं. इतकं निगुतीनं लिहिलं, की त्यातच नऊ मिनिटं गेली. मग घाईघाईत स्वतःचं नाव सुरू केलं. 'उ' झाला, 'त्त' झाला, आणि यंत्र बंद पडलं. मालकांनी बटण बंद केलं होतं.

"एक वाजला," ते म्हणाले.

"अहो, तीनच अक्षरं राहिलीत!"

"मग चारला या. तीन अक्षरांसाठी आम्ही जेवण थांबवत नाही."

चारला उत्तरेश्वरची दुसरी पाळी होती. तो परत कधीच गेला नाही. त्यामुळे माझ्या पोटावर वर्षानुवर्षं 'सौ. द्वारका उत्त' एवढंच राहिलं. कारखान्यात त्याचा एक मित्र होता, रियाज. त्याने ते वाचलं आणि त्याच दिवसापासून उत्तरेश्वरला 'उत्त' म्हणायला सुरुवात केली. अजूनही म्हणतो.

मी मात्र द्वारकाबाईंना 'अहो' म्हणायचो आणि उत्तरेश्वरला 'अरे'. त्यांचं नाव माझ्यावर पूर्ण होतं, त्याचं अर्धं. आम्हा भांड्यांत मान असाच ठरतो.

माझ्या उमेदीच्या काळातले पराक्रम सांगायला बसलो तर तुमची सुट्टी संपेल. एकच सांगतो. एकदा दापोडीच्या पुलावरून मी सायकलच्या हँडलवरून निसटलो आणि थेट मुळा नदीत. उत्तरेश्वर काठावर डोकं धरून बसला. मी पोहत पोहत खडकीला गेलो, घाटावर चढलो आणि तो घरी पोचायच्या आत क्वार्टरच्या पायरीवर बसलो. आतली आमटी जशीच्या तशी. पाण्याचा थेंब आत नाही, आमटीचा थेंब बाहेर नाही. कोणी म्हणतं, एका धोब्याने आणून दिला. लोक काय, काहीही म्हणतात.

पण मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते अगदी खरं आहे.

मला घेतलं त्याच हिवाळ्यात कारखान्यातल्या मंडळींची सहल निघाली. लोणावळ्याच्या गाडीने मळवलीला उतरायचं आणि भाजे गावावरच्या डोंगरातली लेणी पाहायची. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर कोरून केलेली लेणी. सगळे मोठ्या लेण्यात 'ओ' घालून प्रतिध्वनी ऐकत होते. उत्तरेश्वर मात्र मला घेऊन एकटाच पाण्याच्या टाक्याजवळच्या लहानशा अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला. भिक्षू राहायचे ती खोली. त्याला घरची आठवण आली होती. द्वारकाबाईंचं पत्र येऊन महिना झाला होता. त्याने माझ्या पोटावरचं नाव वाचलं, बोटाने गिरवलं. मग माझी कडी कानातून काढली, तिचं टोक भिंतीला लावलं आणि वरून दगडाने ठोकायला लागला.

ठक. ठक. ठक.

मी ओरडलो, पण रिकामा डबा ओरडला तर लोकांना वाटतं, वाजला. माझ्यावरचं नाव त्याने ठिपका न् ठिपका भिंतीवर उतरवलं. 'सौ. द्वारका उत्त' इथपर्यंत आला आणि बाहेर जेवणाची शिट्टी झाली. पुन्हा तीन अक्षरं राहिली. कडी परत माझ्या कानात अडकवून तो निघाला. तेव्हापासून माझी कडी कुरकुरते. कितीही तेल घाला.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सहलीहून परत आल्यापासून उत्तरेश्वरला रोज सकाळी अकराच्या सुमाराला उचकी लागायची. सुट्टीचा वार सोडून रोज! पाणी पिऊन झालं, साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला. पुढे क्वार्टर मिळालं आणि द्वारकाबाई आल्या. त्या म्हणाल्या, "गावाकडं आत्याबाई आठवण काढत असतील." पण आत्याबाई गेल्या, तरी उचकी काही गेली नाही.

वर्षं गेली. उत्तरेश्वर आणि रियाज दोघेही निवृत्त झाले आणि विश्रांतवाडीच्या एकाच सोसायटीत राहायला गेले. मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेलो. प्लास्टिकच्या डब्यांचं राज्य आलं होतं. माझ्या पोटात जुने हातरुमाल, एक बंद पडलेलं घड्याळ आणि तीन चाव्या. कुठल्या कुलपाच्या, ते कुलपालाही आठवत नसेल. कौतुक संपलं की असं होतं मित्रांनो. मी रडलो नाही. स्टील रडत नाही. पण झाकण रडायचं.

आणि उत्तरेश्वर? तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि भिंतींचा कैवारी! जिन्यात पाटी लावली: 'भिंत ही तुमची पाटी नव्हे. पाटी ही आहे.' कोणाच्या पोराने पेन्सिलची रेघ मारली तरी हा ओलं फडकं घेऊन दारात उभा. एकदा रियाजने लिफ्टजवळ गॅसवाल्याचा फोन नंबर लिहिला, तर भर सभेत त्याच्याकडून पुसून घेतला. लोकांना वाटायचं, काय स्वच्छतेची आवड! मला माळ्यावरून ठाऊक होतं, की ही आवड नाही, ही टोचणी आहे.

यंदा जानेवारीत रियाज आणि त्याची बायको नजमा चहाला आले होते. रियाज म्हणाला, "उत्त, त्या भाजे लेण्यांना आपण चौघं जाऊ. वहिनींनी आणि नजमानं पाहिलीच नाहीत."

माळ्यावर माझी कडी आपोआप वाजली.

"माझा गुडघा," उत्तरेश्वर म्हणाला.

"काल तर गच्चीवर पळत गेलात, टाकी भरली म्हणून," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग आपलं पाताळेश्वर काय वाईट आहे? लेणंच आहे. बसने जाऊ, बसने येऊ."

"पाताळेश्वर आठव्या शतकापासून तिथंच आहे," रियाज म्हणाला. "आणखी एक रविवार थांबेल. भाज्याला चल."

रविवार ठरला. शनिवारी द्वारकाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली काढलं. चिंचेने घासलं. काय चमकलो म्हणून सांगू! शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंनी माझ्यात बघून टिकली लावली, असं झाकण सांगतं.

मला पाहून उत्तरेश्वरचा चेहरा पडला. "हा कशाला? प्लास्टिकचा न्या की."

"प्लास्टिकमध्ये धपाटे घाम धरतात."

"जड आहे हो तो!"

"मी धरते. तुम्ही तुमचा गुडघा धरा."

तुम्हाला त्याची अडचण कळली ना मित्रांनो? भिंतीवर जे अक्षर, तेच माझ्या पोटावर. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी निघाला होता आणि बायको सोबत पुरावा घेऊन निघाली होती, वर धपाटे भरून. रियाजला हे कळलं असतं तर त्याने सोसायटीच्या फलकावर लावलं असतं. आणि द्वारकाबाईंपुढे उत्तरेश्वरची पस्तीस-छत्तीस वर्षांची सगळी ऐट एका खोलीत संपणार होती.

खडकी स्टेशनवर आम्ही लोणावळा लोकल पकडली. रविवारची सकाळ, खिडकीची जागा, थंड वारा. नजमाताईंनी त्यांच्या डब्यातून रव्याची खारी बिस्किटं काढली. मी गाडीभर मिरवलो. मळवलीला उतरलो तेव्हा शेतातल्या गवतावर दव होतं, समोर लोहगड आणि विसापूर. रियाज पुढे चालत जुन्या सहलीच्या गोष्टी सांगत होता. "तेव्हा हा उत्त जेवायच्या आधी तासभर गायबच झाला होता. मला वाटलं, दरीत पडला."

"चुकलो होतो वाट," उत्तरेश्वर म्हणाला.

"लेण्यात? लेण्याला एकच तर वाट असते!"

पायऱ्या चढून वर गेलो. तिकिटं काढली. तिथे पंचेचाळिशीचा, खाकी शर्टातला एक माणूस भेटला. "म्या मच्छिंद्र. हितला राखनदार. डबा आत उघडायचा न्हाई. खायाचं ते खाली झाडाखाली. आनि कागुद टाकायचा न्हाई."

"शाब्बास," रियाज म्हणाला. "उत्त, हा तर तुझाच भाऊ निघाला."

मच्छिंद्रने आम्हाला मोठं चैत्यगृह दाखवलं. वर लाकडाच्या कमानी, दोन हजार वर्षांच्या. दोन्ही बाजूंचे खांब किंचित आत कललेले, जणू सगळे मिळून मधल्या स्तूपाच्या कानात काही सांगताहेत. नजमाताई मान वर करून बघतच राहिल्या. "बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या पार्किंगचा स्लॅब दुसऱ्या पावसाळ्यात गळला." द्वारकाबाईंनी चप्पल काढून दगडावर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "किती गार आहे. माझ्या आईच्या ओसरीसारखा." मी एवढा फिरलेला, सात समुद्रांचा, पण मीही गप्प झालो. झाकणसुद्धा.

मग मच्छिंद्र म्हणाला, "सगळं दाखिवतो. आनि शेवटाला एका नालायकाची सही दाखिवतो. शाळंची पोरं येत्यात ना रोज अकराला, त्यास्नी आधी त्येच दाखिवतो. म्हंजे पोरं समजत्यात, काय करायचं नसतं."

"रोज अकराला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"रोज. सुट्टीचा वार सोडून. चांगल्या शिव्या देतो त्येला."

हिक्!

लेण्यात उचकीचा प्रतिध्वनी फार छान येतो मित्रांनो. एक उचकी उत्तरेश्वरने दिली आणि सहा डोंगराने परत केल्या.

"आज तर रविवार," द्वारकाबाई म्हणाल्या. "आज कशी लागली?"

"आज आठवण समोरच काढली कोणीतरी," असं मी म्हणालो, पण ऐकलं कोणी नाही.

मच्छिंद्र स्तूपांची रांग दाखवत असताना उत्तरेश्वर हळूच सटकला. आम्ही टाक्याजवळच्या त्या खोलीपाशी पोचलो, तेव्हा तो आत अंधारात भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता. एकही हात हलवत नव्हता. फक्त मधूनमधून, हिक्.

"उत्त, तू काय द्वारपाल झालास का?" रियाजने विचारलं.

"पाठ दुखते. दगड गार आहे. बरं वाटतं."

"मघाशी गुडघा होता!"

मच्छिंद्र म्हणाला, "आत अंधार हाय, बॅटरीनं नीट दिसत न्हाई. बाई, ते डब्याचं झाकन द्या जरा. आमी असंच करतो." तो बाहेर उन्हात उभा राहिला, झाकण तिरकं धरलं, आणि मित्रांनो, उन्हाचा एक मोठा गोल तुकडा उडी मारून खोलीत शिरला. दगडाचा ओटा उजळला. कोनाडा उजळला. मग तो तुकडा सरकत सरकत भिंतीवर आला आणि नेमका उत्तरेश्वरच्या डोळ्यांवर थांबला.

मी शपथेवर सांगतो, हे मी सांगितलं नव्हतं. झाकणाने स्वतःच्या अकलेने केलं.

उत्तरेश्वरने डोळे मिटले आणि तोंड चुकवायला खाली वाकला. त्याच्या मागे भिंतीवर, उन्हाच्या गोलात, ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलेलं होतं: सौ. द्वारका उत्त.

नजमाताईंनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रियाजने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहायची गरजच नव्हती. त्यांना ते 'द्व' पाठ होतं. ते रोज त्यांनी घासलं होतं.

मला वाटलं, आता रियाज नाचणार. लिफ्टजवळच्या फोन नंबरचा सूड! पण रियाज हळूच पुढे झाला आणि त्याने द्वारकाबाईंच्या हातातच मला अर्धा फिरवला. नाव आतल्या बाजूला गेलं. द्वारकाबाईंनी वरून पदर घेतला. पदराखाली मला काही दिसेना, नुसतं ऐकू येत होतं.

"ह्योच त्यो नालायक," मच्छिंद्र बाहेरून म्हणाला. "कोन असंल?"

"कोण असणार," रियाज म्हणाला. "असेल कोणी मुंबईचा."

"तेच मला वाटतं," नजमाताई म्हणाल्या. "आपल्याकडची माणसं असं नाही करत."

अहाहा! मैत्री म्हणजे काय, हे मला पदराखाली कळलं. सगळं निभावलं होतं. उत्तरेश्वरने फक्त गप्प राहायचं होतं.

मच्छिंद्र आत आला आणि दगडी ओट्यापाशी टेकला. "माझा बा सोनबा हितंच राखन करायचा. म्या तवा लहान हुतो. त्या दिशी बा भाकरी खायाला खाली घरी आला. आईनं कालवन केलं हुतं, म्हनून अर्धा तास जादा बसला. वर गेला तर हे! त्येच्या आयुष्यात तेवढंच एक. मरंस्तवर म्हनायचा, माझ्या एका भाकरीपायी दगडाला जखम झाली. शाळंच्या पोरांम्होरं बा त्या लिवनाऱ्याला शिव्या द्यायचा, आनि घरी आला की सवताला."

उत्तरेश्वरची उचकी थांबली होती.

मग पावलं वाजली. पदर बाजूला झाला. उत्तरेश्वरने मला द्वारकाबाईंच्या हातातून काढून घेतलं, मच्छिंद्रच्या समोर ओट्यावर ठेवलं आणि नाव त्याच्याकडे फिरवलं.

"मुंबईचा नाही," तो म्हणाला. "खडकीचा. आता विश्रांतवाडी."

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्याचा हात वर गेला. मला वाटलं, आता माझ्या पोटाला पोचा. पण तो हात त्याने कपाळावर मारून घेतला.

"पस्तीस वरसं शिव्या दिल्या आमी तुमास्नी! आधी बानं, मग म्या. उचकी लागत न्हवती का हो?"

हे ऐकून द्वारकाबाई जे हसायला लागल्या! पदर तोंडात कोंबूनही थांबेनात. "आणि मी बिचाऱ्या आत्याबाईंना बोल लावला," त्या म्हणाल्या. रियाज भिंतीला टेकणार होता, मच्छिंद्रने "भितीला न्हाई!" म्हणून ओरडताच खालीच बसला. डोंगरही सहा-सहा वेळा हसत होता.

उत्तरेश्वर मात्र हसला नाही. "पुसता येईल का?" त्याने विचारलं. "मी रोज येईन."

"पुसायचं म्हंजे घासायचं. घासलं की आनखी दगड जातो. ऱ्हाऊ द्या. हिकडं या, दुसरं दाखिवतो."

मच्छिंद्र आम्हाला टाक्यापाशी घेऊन गेला. डोंगरात कोरलेलं पाण्याचं टाकं. त्याच्या वर दगडात जुनी अक्षरं. "एक मास्तर आले हुते, त्यांनी वाचून सांगितलं. कोना मोठ्या मानसानं हे टाकं दान दिलं, त्येचं नाव हाय म्हनं. त्यानं बी दगडावर नाव लिवलं, तुमी बी लिवलं. पन त्यानं आधी टाकं दिलं, मग नाव. तुमी काय दिलं?"

उत्तरेश्वरने वाकून टाक्यातल्या पाण्यात पाहिलं.

आम्ही खाली झाडाखाली धपाटे खाल्ले. मच्छिंद्रलाही आग्रहाने बसवलं. दही, शेंगदाण्याची चटणी, नजमाताईंचे कबाब. द्वारकाबाईंनी सगळ्यांना वाढलं. मग म्हणाल्या, "अहो, त्या वर्षी मला तुमची चार पत्रं आली. चारीत एकच मजकूर. तब्येत बरी आहे, पाऊस कसा आहे. मला वाटायचं, माणूस दगड आहे."

"दगडावरच लिहिलं मग," रियाज म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी. चूक ती चूकच." आणि उत्तरेश्वरकडे वळून, "पण तेव्हा घरी नुसतं सांगायचं तरी. मी कागदावर लिहायला लावलं असतं. पुरं नाव."

असं म्हणताना त्या लाजल्या मित्रांनो. मी अगदी जवळ होतो, मी पाहिलं.

मच्छिंद्रचं घर पायऱ्यांच्या तळाशीच होतं. ओट्यावर एक माठ, चढणाऱ्या-उतरणाऱ्या कोणीही पाणी प्यावं म्हणून. सोनबापासूनची रीत. शेजारी गुळाचे खडे एका फुटक्या बरणीत, आणि बरणीला मुंग्यांची रांग. द्वारकाबाईंनी ते पाहिलं. उरलेले धपाटे मच्छिंद्रच्या बायकोला काढून दिले, मला माठाच्या पाण्याने स्वच्छ विसळलं, पुसलं आणि गूळ माझ्यात भरून झाकण लावलं.

"हा इथेच राहील," त्या म्हणाल्या. "ह्याला मुंगी शिरत नाही. नदीत पडला होता, तरी थेंब शिरला नाही."

बघा! मुळा नदीची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. आता तरी विश्वास ठेवा.

पुढच्या महिन्यात ते चौघं पुन्हा आले. उत्तरेश्वरच्या पिशवीत कारखान्याच्या दिवसांतली बारीक छिन्नी आणि लहानशी हातोडी होती. ओट्यावर बसून त्याने मला मांडीवर घेतलं. दुपार झाली होती. "अक्षरं जुळली पाहिजेत," म्हणत तो पहिल्या ठिपक्यासाठीच पाच मिनिटं टक लावून बसला. रियाजने घड्याळ पाहिलं.

"उत्त, एक वाजला! दुकान बंद!"

"वाजू द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "अहो, तुम्ही लिहा."

टक, टक, टक. 'रे' झाला. 'श्व' झाला. 'र' झाला. खाली त्याने आणखी एक ओळ घातली: 'यांचे दान.' आता मी त्यालाही 'अहो' म्हणतो. नाइलाज आहे.

मित्रांनो, तर मी आता भाज्याला असतो. झाकण रोज सकाळी माझ्या डोक्यावर एक घट्ट ताटली बदली देऊन मच्छिंद्रबरोबर वर जातं, अंधाऱ्या खोल्यांत ऊन सोडतं आणि संध्याकाळी परत येऊन फुशारक्या मारतं. मी ऐकून घेतो. माझ्या कडीने भिंत दुखावली होती, माझ्याच झाकणाने ती उजळते, त्याला थोडी ऐट चालेल. अजून दोन हजार वर्षांनी पंडित येतील. त्यांना वर भिंतीवर अर्धं नाव मिळेल आणि खाली मातीत मी मिळेन, पूर्ण नावाचा. त्यावर कोणीतरी मोठा ग्रंथ लिहील. मी पूर्वजन्मी जहाज होतो, हेही त्यात येईल अशी व्यवस्था मी करतो आहे.

तुम्ही या. गूळ घ्या, पाणी प्या. भिंतीला हात लावू नका. फार वाटलं तर माझ्या पोटावर हात फिरवा, मला गुदगुल्या आवडतात. नाव तुमचंही राहावं असं वाटतंच ना? वाटू दे. पण आधी टाकं, मग नाव. टाकं नसेल जमत तर डबाभर गूळसुद्धा चालतो. आणि घरी माळ्यावर माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली काढा, चिंचेने घासा आणि काहीतरी भरून कोणाकडे तरी पाठवा. रिकामा नको.

उत्तरेश्वररावांची उचकी त्या रविवारपासून गेली. पण गंमत सांगू? रोज सकाळी अकराला मच्छिंद्र शाळेच्या पोरांना ही सगळी गोष्ट सांगतो, आणि पोरं खोलीत खदखदून हसतात. नेमकं त्याच वेळी, तिकडे विश्रांतवाडीत, पेपर वाचता वाचता उत्तरेश्वररावांना काही कारण नसताना हसू फुटतं. द्वारकाबाई सवयीने पाण्याचा पेला पुढे करतात.